माझगाव : टेकडी, पाखाडी आणि हललेले देऊळ

वांद्र्याहून सुटणारी हार्बर मार्गाची गाडी वडाळा ओलांडून दक्षिणेला निघाली की डाव्या हाताला बंदराची गोदामे आणि उजव्या हाताला जुन्या कामगार वस्त्या, अशी रुळांच्या दोन्ही अंगांना दोन निराळी नगरे दिसू लागतात. शिवडी, कॉटन ग्रीन, रे रोड अशी ओळीने स्थानके येतात आणि मग एक तीव्र वळण घेऊन गाडी डॉकयार्ड रोडला थांबते. उतरणारे बहुतेक लोक कामावर निघालेले असतात. टेकडी चढण्यासाठी उतरणारा एखादाच. स्थानकालगतच भंडारवाड्याची टेकडी आहे आणि तिच्या माथ्यावर एक बाग आहे. त्या बागेला जोसेफ बाप्टिस्टा यांचे नाव दिलेले आहे. मुंबईत आपल्या समाजातील माणसांची नावे रस्त्यांना आणि चौकांना पुष्कळ आहेत. पण एखादी अख्खी टेकडीच आपल्या एका माणसाच्या नावे असावी, असे हे एकच स्थळ माझ्या माहितीत आहे.

वर पोहोचल्यावर पूर्वेकडे बंदर दिसते. याऱ्या, धक्के, माझगाव गोदीत बांधल्या जाणाऱ्या युद्धनौकांचे करडे सांगाडे आणि त्यांच्या पलीकडे खाडीचे धुरकट पाणी. पायाखाली मात्र काय आहे ते दिसत नाही. पायाखाली शहराला पाणी पुरवणारा जलाशय आहे. त्याखाली एका किल्ल्याची राख आहे. आणि त्याही आधी इथे काय होते हे सांगायला कुणी उरलेले नाही. माझगावचा इतिहास असा थरांनी रचलेला आहे. तो वाचायचा तर या टेकडीवरून सुरुवात करून खालच्या गल्ल्यांत उतरावे आणि तिथून शेजारच्या भायखळ्याला व शिवडीला जावे. तीनही ठिकाणी आपल्या समाजाच्या कथेचा एकेक तुकडा पडलेला आहे.

मुंबई सात बेटांची होती हे आपण शाळेत शिकतो. माझगाव हे त्या सातांपैकी एक. दक्षिणेला उमरखाडी त्याला मुंबई बेटापासून तोडत असे. पश्चिमेला भरतीचे पाणी भायखळ्याच्या सखल भागात पसरत असे. नावाची व्युत्पत्ती अनेक प्रकारे सांगितली जाते. कुणी 'मत्स्यग्राम' म्हणतात, कुणी 'मधले गाव', आणि कुणी सरळ 'माझा गाव'. विद्वान पहिल्या दोहोंत रमोत. जुन्या माझगावकराला विचारले तर तो तिसरीच सांगेल. इथे कोळी होते, आगरी होते, माडांना भांडी लावणारे भंडारी होते. टेकडीचे नाव त्या भंडाऱ्यांचे, आणि जवळच्या घोडपदेवचे नाव एका खडकात वसलेल्या लोकदैवताचे. परकीय गलबते येण्याच्या कितीतरी आधीपासून ही वस्ती इथे होती. आज मुंबईतील जुन्या ख्रिस्ती घराण्यांना कुणी 'तुम्ही कुठून आलात?' असे विचारले, तर त्याचे खरे उत्तर या नावांतच आहे. ती कुठूनही आलेली नाहीत. ती होती तिथेच आहेत. धर्म तेवढा त्यांच्याकडे चालत आला.

तो कसा आला याची नोंद मात्र सत्ताधाऱ्यांच्या दप्तरातून शोधावी लागते. २३ डिसेंबर १५३४ रोजी झालेल्या तहाने गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने वसई आणि तिच्या अधीन असलेली बेटे पोर्तुगीजांना दिली. आपल्या वसईच्या किल्ल्याची कथा जिथे सुरू होते तिथेच माझगावचीही होते. १५७२ साली पोर्तुगालच्या राजाने हे बेट सौझ इ लिमा या घराण्याला वंशपरंपरेने देऊन टाकले. पुढे १६३२ साली याच घराण्याच्या जमिनीवर फ्रान्सिस्कन धर्मगुरूंनी 'नोस्सा सेन्योरा दा ग्लोरिया', म्हणजे गौरवशाली मातेचे देऊळ, उभे केले. (चर्चला देऊळ म्हणण्याची आपल्या वाडवडिलांची रीत मी इथे मुद्दाम पाळतो आहे. तो शब्द आपल्या तोंडून गेला तर त्याच्याबरोबर आणखीही बरेच काही जाईल.) जमीन कुणी दिली, सनद कुणी लिहिली, हे सारे आपल्याला ठाऊक आहे. परंतु त्या देवळाच्या भिंतींसाठी दगड कुणी वाहिले आणि पहिल्या मिस्सेला कोण कोण गुडघे टेकून बसले, त्यांची नावे कुठेही नाहीत. सनदेत मालकाचे नाव असते, कुळाचे नसते.

१६६१ च्या विवाहकराराने मुंबई इंग्लंडच्या राजाची झाली, १६६५ साली प्रत्यक्ष ताबा दिला गेला आणि १६६८ साली राजाने वर्षाकाठी दहा पौंड भाड्याने ती कंपनीला देऊन टाकली. माझगावच्या बंदरात त्या काळी जंजिऱ्याच्या सिद्दीचे आरमार पावसाळ्यात येऊन राहत असे. त्यामुळे इंग्रजांना मोगलांनाही दुखवता येईना आणि शिवाजी महाराजांचाही रोष पत्करता येईना, अशी अवस्था होती. अखेर १६८९ च्या एप्रिलमध्ये सिद्दी याकूतखान मोठी फौज घेऊन शिवडीला उतरला. शिवडी पडली, मग माझगावचा टेकडीवरचा किल्ला पडला, आणि सुमारे वर्षभर मुंबई त्याच्या कचाट्यात राहिली. जून १६९० मध्ये मोगल बादशहाशी तडजोड झाल्यावर तो निघून गेला, पण जाताना माझगावचा किल्ला जाळून गेला. तो किल्ला पुन्हा कधी उभा राहिला नाही. बागेच्या बाकावर शांतपणे शेंगा खाणाऱ्या म्हाताऱ्यांना आपण एका पराभवाच्या जागेवर बसलो आहोत याची वार्ताही नसते. ते बरेच आहे म्हणा. पराभवाच्या जागी बाग होणे यापेक्षा चांगला शेवट कोणत्या किल्ल्याच्या वाट्याला आला?

तोफांची लढाई संपली, पण देवळाची लढाई पुढे दोनशे वर्षे चालली. हा भाग आपण घरात फारसा बोलत नाही, म्हणून थोडा विस्ताराने सांगतो. पोर्तुगालच्या राजाला पूर्वेकडील ख्रिस्तसभेच्या आश्रयदात्याचा अधिकार पोपमहाशयांनी दिला होता. त्याला 'पाद्रोआदो' म्हणत. इंग्रजांना आपल्या बेटावरचे धर्मगुरू गोव्याच्या, म्हणजे पर्यायाने पोर्तुगालच्या, आज्ञेत असणे धोक्याचे वाटू लागले. १७२० साली गव्हर्नर बून याने फ्रान्सिस्कनांना घालवून दिले आणि रोमच्या 'प्रोपागांडा' या मिशनकार्याच्या मंडळाच्या अधीन असलेल्या कार्मेलाइट धर्मगुरूंना बोलावले. १७८९ साली देवळे पुन्हा गोव्याच्या महागुरूंकडे गेली, १७९१ साली पुन्हा कार्मेलाइटांकडे आली. लोकांची मने या येरझारांत किती दुभंगली असतील! शेवटी १७९४ साली कंपनी सरकारने वाटणीच केली. एस्पेरांसा आणि माहीमचे सेंट मायकल ही देवळे कार्मेलाइटांकडे. दादरचे साल्वासांव आणि माझगावचे ग्लोरिया गोव्याकडे.

कागदावर ही वाटणी सोपी दिसते. परंतु एकाच बेटावर, कित्येकदा एकाच भावकीत, एक घर एका महागुरूचे आणि दुसरे घर दुसऱ्या महागुरूचे झाले, असा तिचा प्रत्यक्ष अर्थ होता. प्रभू एक, मिस्सा एक, लॅटिन प्रार्थनाही तीच. पण बाप्तिस्म्याची वही निराळी. १८८६ साली पोर्तुगालशी झालेल्या करारानंतर पाद्रोआदोची देवळे दमणच्या धर्मप्रांतात गेली आणि १९२८ साली ती व्यवस्था संपून मुंबईची ख्रिस्तसभा एका छत्राखाली आली. त्यानंतरही काही वर्षे महागुरू एकदा इंग्रजी प्रजाजन आणि एकदा पोर्तुगीज असा पाळीपाळीने असायचा, असे ठरले होते. १९५० साली व्हॅलेरियन ग्रेशिअस हे पहिले भारतीय महागुरू त्या आसनावर बसले. म्हणजे ग्लोरियाचा पहिला दगड ठेवल्यापासून तीनशे अठरा वर्षांनी इथल्या मातीतला माणूस इथल्या मेंढरांचा मुख्य मेंढपाळ झाला. आपण हे आकडे इतिहासाच्या पुस्तकात वाचतो आणि पान उलटतो. मला मात्र ते वाचताना त्या मधल्या दहा-बारा पिढ्या दिसतात. दोन परकी राजांच्या भांडणाचे ओझे त्यांनी आपल्या रविवारच्या वाटेवर वाहिले, आणि तरी रविवारची वाट सोडली नाही.

मधल्या काळात १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई जिंकली. तिथून निघालेली कित्येक पोर्तुगीज कुटुंबे मुंबईच्या आश्रयाला आली. आणि माझगाव? माझगाव तेव्हा उपनगर होते! किल्ल्याच्या तटाआतील गर्दीला कंटाळलेले कंपनीचे अधिकारी इथे बंगले बांधून राहू लागले. याच टेकडीवरच्या 'बेल्व्हेडिअर' नावाच्या बंगल्यातून १७७३ साली एलायझा ड्रेपर ही अधिकाऱ्याची पत्नी नवऱ्याला सोडून रातोरात जहाजावर पळून गेली. लॉरेन्स स्टर्न या इंग्रज कादंबरीकाराची ती मैत्रीण, त्यामुळे साहित्याच्या इतिहासात तिला जागा मिळाली. बंगल्यात भांडी घासणाऱ्या कुणा माझगावकरणीने त्या रात्री काय पाहिले असेल, ते मात्र कुणी लिहून ठेवले नाही. सभोवार आंबराया होत्या. माझगावचा आंबा वर्षातून दोनदा फळतो अशी त्याची ख्याती होती आणि मोगल बादशहासाठी तो दिल्लीला जात असे, अशी आख्यायिका सांगत. टॉमस मूर या आयरिश कवीने १८१७ साली प्रसिद्ध झालेल्या 'लाला रूख' या काव्यात त्याचा उल्लेख केला आहे. मूर स्वतः हिंदुस्थानात कधी आला नाही, पण आंबा तिथवर पोहोचला. वसईच्या सुकेळीची कीर्ती ऐकून वाढलेल्या आम्हांला हे वाचताना किंचित मत्सर वाटतो. परंतु सुकेळी अजून मिळते. माझगावच्या आंबराया गेल्या.

त्या बंदराने गिळल्या. १७७४ साली माझगावला एक लहानशी गोदी बांधली गेली. तिचेच पुढे मोठे कारखाने झाले आणि १९६० साली सरकारने ती ताब्यात घेतली. १८७३ साली बंदर विश्वस्त मंडळ स्थापन झाल्यावर या किनाऱ्याची सारी कळाच पालटली. १८८० साली प्रिन्सेस डॉक तयार झाला. त्याचे खोदकाम चालू असताना समुद्राखाली बुडालेल्या झाडांचे बुंधे उभेच्या उभे सापडले, अशी नोंद आहे. पुढे माझगाव ते शिवडी हा खाडीचा पट्टा भराव घालून बुजवण्यात आला. पाचशे एकरांहून अधिक जमीन नव्याने तयार झाली आणि १९१२ च्या सुमारास ते काम पुरे झाले. ज्या गावाच्या अंगणात समुद्र होता, त्या गावाचा समुद्र उचलून दूर नेऊन ठेवला गेला. कोळ्याला होडीपर्यंत पोहोचण्यासाठी गोदामे ओलांडून जाण्याची वेळ आली.

नव्या जमिनीवर रूळ आले. १९१० साली कुर्ला ते रे रोड गाडी सुरू झाली. ती बोरीबंदरपर्यंत पोहोचायला १९२५ उजाडले. या रुळांच्या आणि बंदराच्या वाटेत ग्लोरिया मातेचे देऊळ उभे होते. १९११ साली ते पाडण्यात आले. २७९ वर्षांचे देऊळ! सिद्दीच्या स्वारीतून वाचलेले, दोन महागुरूंच्या वादातून वाचलेले देऊळ मालगाडीपुढे टिकले नाही. त्याच्या बदल्यात भायखळ्याला नवीन जागा मिळाली आणि १९१३ पर्यंत तिथे आजचे ग्लोरिया चर्च उभे राहिले.

भायखळा माझगावला लागूनच आहे. टेकडी उतरून चालत गेले तरी घटका दोन घटकांत पोहोचता येते. पण देवळाच्या बाबतीत अंतर पावलांनी मोजायचे नसते. जिथे आजोबांचे लग्न लागले, जिथे आजीची तिरडी टेकली, ती भुई दुसरी असते. भायखळ्याचे ग्लोरिया गॉथिक धाटणीचे, उंच आणि देखणे आहे. टोकदार कमानींखाली उभे राहिले की मान आपोआप वर जाते. त्या भव्यतेत मला जुन्या, बुटक्या, पोर्तुगीज घडणीच्या देवळाची आठवण येते असे म्हणणे खोटे ठरेल, कारण ते पाहिलेला कुणीही आज हयात नाही. नाव तेवढे वेदीबरोबर चालत आले. मुंबईतील कित्येक जण ग्लोरिया हे भायखळ्याचेच असे समजून चालतात, आणि ते मूळचे माझगावचे, हे सांगितले की चमकून पाहतात.

भायखळ्यात आणखीही काही स्थलांतरितांची भेट होते. राणीचा बाग १८६२ साली इथे उघडला, त्याआधी तसे वनस्पतींचे उद्यान शिवडीला होते. बागेच्या आवारात १८७२ साली उघडलेले वस्तुसंग्रहालय आहे, ज्याला पुढे डॉ. भाऊ दाजी लाड यांचे नाव मिळाले. तिथे घारापुरीचा दगडी हत्ती उभा आहे, तोही आपल्या बेटावरून उचलून आणलेला. बगदादी ज्यू समाजाचे मागेन डेव्हिड हे प्रार्थनामंदिर १८६४ पासून भायखळ्यात आहे. ते बांधणाऱ्या ससून घराण्याचा वाडा आज रुग्णालय आहे. या सगळ्यांत ग्लोरिया माता एकटी परकी वाटत नाही.

आता परत माझगावात येऊ आणि म्हातारपाखाडीत शिरू. पाखाडी म्हणजे कोकणात दगडी बांधणीची, चढाची वाट. घरांच्या वस्तीलाही तेच नाव पडले. एका अरुंद गल्लीच्या दोहो बाजूंना लाकडी जिन्यांची, कौलारू छपरांची, व्हरांड्याला नक्षीची कड असलेली घरे आहेत. मध्ये क्रूस आणि त्याचे छोटे प्रार्थनागृह आहे. रस्त्यावरचा गोंगाट इथे दहा पावलांत मावळतो. देऊळ हलले, समुद्र हलला, किल्ला जळाला. पाखाडी मात्र जिथे होती तिथेच राहिली.

तिच्या क्रूसाची कथा प्लेगशी जोडलेली आहे. २३ सप्टेंबर १८९६ रोजी मांडवीतल्या रुग्णांवरून मुंबईत गाठीचा प्लेग आला आहे, हे प्रथम ओळखले ते डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी. ते मूळचे गोव्यातील हडफड्याचे, आपल्याच धर्मबंधूंपैकी. शहर रिकामे होऊ लागले. घरे फोडून, चुना मारून, माणसांना छावण्यांत हलवण्यात येऊ लागले. डॉक्टर आपल्या परीने लढत होते आणि वाड्यांतील माणसे आपल्या परीने. ती संध्याकाळी क्रूसापाशी जमून जपमाळ म्हणत. मुंबईच्या अनेक ख्रिस्ती वाड्यांतून त्या काळातले क्रूस आजही उभे आहेत. काहींना फुले वाहिली जातात, काहींना रस्तारुंदीची नोटीस.

आणि विहिरी? ईस्ट इंडियन लग्नात आदल्या दिवशी वाजतगाजत 'उंबराचे पाणी' आणायला विहिरीवर जाण्याची रीत आहे. वसईकरांना ती वेगळी सांगायला नको. परंतु १९११ साली डॉ. बेंटली यांनी मुंबईतील हिवतापावर अहवाल दिला आणि डास विहिरींत वाढतात म्हणून शहरातील पुष्कळ विहिरी झाकण्यात वा बुजवण्यात आल्या. आरोग्यदृष्ट्या ते योग्यच होते. विहारचे पाणी १८६० पासून नळाने येत होते आणि १८८४ साली टेकडीवर जलाशयही झाला होता. तरी एकाच वर्षी देऊळ पडावे आणि विहिरींवर झाकणे पडावीत, हा त्या पिढीला केवढा धक्का असेल, याचा विचार करावा. नळावरून उंबराचे पाणी कसे आणणार?

या समाजाला 'ईस्ट इंडियन' हे नाव कसे मिळाले, हे तरुण वाचकांना कदाचित ठाऊक नसेल. इंग्रजी अमदानीत गोव्याहून आणि मंगळूरहून ख्रिस्ती बांधव मोठ्या संख्येने नोकरीसाठी मुंबईत आले. गोव्याच्या खलाशांचे गाववार 'कूड' या बंदर-भागातही उभे राहिले. सर्वांची आडनावे सारखीच, त्यामुळे मूळचे कोण आणि आलेले कोण हे साहेबाला कळेना. तेव्हा २६ मे १८८७ रोजी, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात, इथल्या मूळच्या ख्रिस्तजनांनी 'बॉम्बे ईस्ट इंडियन असोसिएशन' स्थापन केली आणि आपण कंपनी सरकारच्या पहिल्या रयतेचे वंशज आहोत, हे त्या नावाने सांगितले. माझे मत विचाराल तर, जिच्या जिभेवर मराठी होती, जिच्या लग्नात मराठी गाणी होती, त्या जमातीने स्वतःची ओळख एका विलायती व्यापारी कंपनीच्या नावाने करून द्यावी, यात पुढच्या बऱ्याच दुराव्याचे बीज पडले. पण पोटाचा प्रश्न होता आणि नोकऱ्या साहेबाच्या हाती होत्या. त्यांना दोष देण्याआधी आपण त्या रांगेत उभे राहून पाहावे.

त्याच पाखाडीत १७ मार्च १८६४ रोजी जोसेफ बाप्टिस्टा जन्मले. घराणे मूळचे उत्तनचे. नेस्बिट रोडवर जेझुइटांची सेंट मेरीज शाळा आहे, तीही त्याच वर्षी स्थापन झालेली. मुलगा आणि शाळा जणू जोडीने वाढली. तो रस्ता ज्यांच्या नावाचा, त्या रोझा नेस्बिट या कॅथलिक बाईंनी अठराव्या शतकाच्या अखेरीस तिथे सेंट ॲनचे चॅपेल बांधले होते. पाखाडीतील या मुलाने पुढे केंब्रिजला शिक्षण घेतले आणि तो बॅरिस्टर होऊन परतला. त्याच्यासमोर दोन वाटा होत्या. साहेबाच्या कृपेची वाट सरळ होती. त्याने दुसरी धरली.

एप्रिल १९१६ मध्ये बेळगाव येथे लोकमान्य टिळकांची होमरूल लीग स्थापन झाली, तेव्हा तिचे अध्यक्ष झाले जोसेफ बाप्टिस्टा आणि चिटणीस न. चिं. केळकर. १९१७ साली हिंदुस्थानच्या स्वराज्याची बाजू मांडायला ते इंग्लंडला गेले. महाराष्ट्र त्यांना 'काका' म्हणू लागला. एका ख्रिस्ती बॅरिस्टराला सदाशिव पेठेने काका म्हणावे, यात त्या काळाचा मोठेपणा आणि त्या माणसाचाही मोठेपणा आला. स्वराज्याच्या जन्मसिद्ध हक्काचे प्रसिद्ध वाक्य मूळचे काकांचेच, असे आपल्यापैकी काही जण अभिमानाने सांगतात. असेलही. पण काकांना मोठे करण्यासाठी लोकमान्यांचे वाक्य मागून आणण्याची गरज नाही. त्यांचे स्वतःचे काम पुरेसे आहे. टपालखात्यातील कामगारांसाठी, गिरणीकामगारांसाठी ते उभे राहिले. ३१ ऑक्टोबर १९२० रोजी मुंबईत अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेसचे पहिले अधिवेशन भरले, लाला लजपतराय अध्यक्ष होते आणि काका उपाध्यक्ष. १९२५ साली ते मुंबई महानगरपालिकेचे अध्यक्ष झाले. महापौर हे नाव त्या पदाला पुढे १९३१ साली मिळाले, म्हणून जुन्या कागदांत 'अध्यक्ष' दिसले तर गोंधळून जाऊ नये.

काकांच्या माझगावात शेजारी तरी किती प्रकारचे होते! हसनाबाद येथे पहिल्या आगाखानांची कबर आहे; १८८१ साली त्यांचे निधन झाले आणि खोजा इस्माइली समाजाने तिच्यावर घुमटाची देखणी वास्तू उभारली. नवाब टँक मार्गावर एका साध्या घराच्या माडीवर चिनी देऊळ आहे. गोदीत आणि जहाजांवर काम करायला आलेल्या चिन्यांनी ते १९१९ साली बांधले. १९६२ च्या युद्धानंतर त्यांची बहुतेक कुटुंबे पांगली. देवळाची लाल रंगाची माडी राहिली. आणि २७ सप्टेंबर २०१३ च्या पहाटे डॉकयार्ड रोडजवळची पालिका कर्मचाऱ्यांची पाच मजली इमारत कोसळून ६१ माणसे मेली, त्याचीही आठवण इथल्या रस्त्याला आहे. तिथून जाताना मी टोपी काढतो. जुन्या माझगावचा इतिहास लिहिताना एवढ्या अलीकडचे दुःख वगळून चालायचे नाही.

पाखाडीची नोंद वारसा-परिसर म्हणून सरकारदरबारी १९९५ सालीच झाली आहे. पण नोंदीने कौले बदलली जात नाहीत. लाकडी घर राखायला पैसा लागतो, सुतार लागतो आणि सर्वांत अधिक म्हणजे घरात राहणारे माणूस लागते. मुले कॅनडात वा ऑस्ट्रेलियात. भाडे जुन्या दराचे. शेजारी मनोरा उभा राहतो आहे आणि विकासकाचा माणूस चहाला येतो आहे. पाखाडीतील एका वृद्ध बाईंना मी जरा उपदेशाच्या सुरातच म्हणालो, "बाय, घर विकू नका." त्या हसल्या आणि म्हणाल्या, "जिना चढून दाखव आधी. मग सांग." मी जिना चढलो. तो खरोखर कठीण होता. वर त्यांनी खिडकी उघडली आणि म्हणाल्या, "इथून माझ्या सासूला समुद्र दिसायचा." आम्हांला एक भिंत दिसत होती.

परतीच्या गाडीने मी शिवडीला उतरलो. शिवडीचे दफनस्थान १८६७ सालचे. आर्थर क्रॉफर्ड या पहिल्या पालिका आयुक्तांच्या काळातले. भायखळ्याच्या आधीचे ते वनस्पती-उद्यान होते ते याच जागेवर. त्यामुळे इथे अजून मोठे वृक्ष आहेत आणि कबरींवर सावली आहे. १८ सप्टेंबर १९३० रोजी काका वारले आणि याच भूमीत विसावले. अलीकडे शिवडीच्या चिखलकिनाऱ्यावरून २०२४ साली खुला झालेला अटल सेतू पलीकडच्या तीरावर जातो. त्याच्या खांबांभोवतीच्या चिखलात हिवाळ्यात रोहित पक्षी उतरतात. दफनस्थानाच्या दारापाशी फुले विकणाऱ्या मुलाला मी काकांच्या कबरीची वाट विचारली. त्याने नाव पुन्हा एकदा विचारून घेतले, मान हलवली आणि आतल्या माळ्याला हाक मारली. माळी झारी खाली ठेवून म्हणाला, "बागवाले काका ना? माझगावचे? या." आणि तो पुढे चालू लागला.